दौरा कंपनीचा, व्याज तुझं

प्रिय,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. पुढच्या महिन्यात चार दिवसांचा दौरा आहे, तिकीट आणि हॉटेल आधी स्वतः भरायचं, पैसे नंतर मिळतात, आणि क्रेडिट कार्डाची लिमिट जवळजवळ संपलीय. खाली एक ओळ, "प्लीज कुणाला सांगू नका." नाही सांगत.

पण तुझी एक गफलत होतेय. लाज तुला कर्जाची वाटतेय आणि त्या लाजेपायी तू ऑफिसात साधा प्रश्नही विचारत नाहीयेस. कर्ज तुझं आहे, ते तू फेडशील. दौरा मात्र कंपनीचा आहे. त्याचा खर्च तू आधी उचलतोस म्हणजे कंपनीला बिनव्याजी उसने देतोस, आणि ते देण्यासाठी स्वतः महागातलं महाग कर्ज काढतोस. हे उलटं आहे की नाही, तूच सांग.

किती महाग, ते बघ. कार्डाची बिनव्याजी मुदत साधारणपणे मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खर्चालाही खर्चाच्या दिवसापासून व्याज लागतं. जुन्या बाकीवर व्याज आहे, नव्या तिकिटावर नाही, असंच बऱ्याच जणांना वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. समज तुझ्या कार्डाचा दर वर्षाला ३६ टक्के आहे. दौऱ्यावर १०० खर्च झाले आणि क्लेम पास होऊन ते ६० दिवसांनी परत आले. तेवढ्या दिवसांचं व्याज झालं जवळजवळ ६. हातात आले १००. असे सहा दौरे वर्षात झाले, तर एका दौऱ्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम तुझ्या पगारातून गेली. क्लेमच्या फॉर्मवर 'व्याज' असा रकाना मी तरी आजवर पाहिलेला नाही. आणि 'पॉइंट तरी मिळतात' हे मला सांगू नकोस.

आता माझी फजिती ऐक, कारण तू नेमका त्याच वाटेने चालला आहेस. मी तेव्हा कार्डावर हॉटेलच्या भाड्याएवढीच लिमिट शिल्लक ठेवून निघाले होते. अगदी मोजून. रात्री काउंटरवर कार्ड दिलं, नाकारलं गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. काउंटरवरच्या मुलीने मशीनचा पडदा हळूच माझ्याकडे वळवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "दुसरं कार्ड आहे का?" दुसरं होतं, ते पहिल्याहून भरलेलं. मला सोडायला आलेले क्लायंटकडचे गृहस्थ माझी बॅग हातात धरून मागे उभे होते. पैसे त्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर खर्च कमी कसा करावा यावर माझं प्रेझेंटेशन होतं.

झालं असं होतं, की हॉटेलं नुसतं भाडं अडकवत नाहीत. जेवणखाण, कपडे धुणं, मोडतोड यांची अनामत म्हणून वर आणखी रक्कम कार्डावर रोखून धरतात. ती खर्च झालेली नसते, पण लिमिटमधून गेलेली असते, आणि खोली सोडल्यावर मोकळी व्हायलाही काही दिवस लागू शकतात. भाड्याच्या गाडीचंही तेच. डेबिट कार्ड दिलंस तर तुझे खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात. म्हणून 'लिमिटमध्ये बसतंय' या हिशेबावर घराबाहेर पडू नकोस.

मग करायचं काय? विचारायचं. साहेबांना नंतर, आधी अकाउंट्समध्ये जो माणूस प्रवासखर्च बघतो त्याला. असा एक माणूस असतोच, आणि लेखी नियमांत नसलेल्या वाटाही त्याला माहीत असतात. मेल एवढाच लिही: "पुढील महिन्याच्या दौऱ्याचं तिकीट व हॉटेल कंपनीकडून थेट बुक होऊ शकेल का? उरलेल्या खर्चासाठी ॲडव्हान्स घेण्याची पद्धत काय आहे?" बस. 'माझी जरा अडचण आहे' हे वाक्य खोड. कारण सांगायला लागलास की मागणी उपकारासारखी दिसते, आणि ही नुसती कामाची चौकशी आहे. कुणी खोदून विचारलंच, तर 'एवढी रक्कम वैयक्तिक कार्डावर घेणं मला जमणार नाही' हे उत्तर पुरे, आणि ते खरंही आहे.

कंपनीचं कार्ड देतो म्हणाले तर घे, पण बिल कुणाच्या नावावर येतं ते आधी विचार. काही कार्डांवर नाव कंपनीचं छापलेलं असतं, बिल मात्र कर्मचाऱ्याने भरायचं असतं आणि उशिराचा दंडही त्यालाच.

सगळीकडून 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' आलं, तर निदान तिकिटाचा क्लेम दौरा संपायची वाट न बघता तिकीट काढल्याबरोबर टाकता येईल का, ते विचार. सोबत कुणी वरिष्ठ येणार असतील तर दोन्ही खोल्यांचं बिल त्यांच्या कार्डावर जाऊ दे. हे सर्रास चालतं. यातलं काहीच जमलं नाही, तर साहेबांना स्पष्ट सांग, की मी जायला तयार आहे, आगाऊ खर्च करू शकत नाही. ही दौऱ्याला ना नव्हे. कार्डावरून रोख मात्र काढू नकोस. त्याला वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवशी सुरू होतं. दौऱ्यासाठी नवं कार्डही घेऊ नकोस.

एखाद्या जुन्या कार्डावर काहीच बाकी नसेल तर गोष्ट वेगळी. ते फक्त दौऱ्यांसाठी ठेव. त्याचं बिल निघाल्यावर लगेच केलेल्या खर्चाला बिनव्याजी दिवस सगळ्यात जास्त मिळतात, म्हणून शक्य असेल तर बुकिंग त्या सुमारास कर. ते बिल मात्र पूर्ण भरायचं, कंपनीचे पैसे आलेले असोत वा नसोत. ते जमणार नसेल तर हा मार्ग तुझ्यासाठी नाही.

आता जिथे खरी गळती असते तिथे येते. क्लेमचे पैसे पगाराच्याच खात्यात येतात. आले की महिना जरा सैल वाटतो. घरभाडं, कुणाचा वाढदिवस, एखादा बूट, आणि पंधरा दिवसांत ते कुठे गेले कळत नाही. कार्डावरचं तिकीट मात्र जागच्या जागी. कर्ज वाढलं की मी दौऱ्यांना शिव्या द्यायचे. एकदा वहीत सगळं मांडलं तेव्हा दिसलं, की दौऱ्याचा एकेक पैसा कंपनीने मला परत दिला होता. मी तो दुसऱ्यांदा खर्च केला होता. म्हणून क्लेम जमा झाल्याचा मेसेज आला, की त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी, पूर्ण रक्कम कार्डावर भर. ॲडव्हान्स मिळाला तर तोही वेगळ्या खात्यात ठेव. उरलेला परत द्यायचा असतो, हे तिसऱ्या दिवशी विसरायला होतं.

जुन्या थकबाकीबद्दल दौऱ्याहून आलास की बसून बोलू. किमान रक्कम भरत राहिलास तर तिचा मोठा भाग व्याजातच जातो. बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मिळते का, हे बँकेला विचारता येतं. फक्त तसं झालं की कार्ड रिकामं दिसायला लागतं, आणि रिकामं कार्ड फार गोड बोलतं.

तुझी,
ताई

ता.क. पावत्यांचे फोटो रोजच्या रोज काढ. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्या खिशात राहून पुसट होतात, आणि न वाचता येणाऱ्या पावतीपायी क्लेम अडकतो. आणि मेल पाठवण्याआधी मला दाखव. त्यात 'क्षमस्व' दिसलं तर मी खोडणार आहे.