आई-बाबांना घेऊन जानेवारीत स्पेनच्या किनाऱ्यावर चार दिवस: बार्सिलोना की मालागा?

तुम्ही राहता ॲमस्टरडॅमला. जानेवारीत पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, इथल्या अंधाराला आठवड्यात कंटाळतील म्हणून त्यांना चार दिवस स्पेनमधल्या समुद्रकाठच्या शहरात न्यायचंय. दोघं शाकाहारी, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आणि बार्सिलोना की मालागा इथं घोडं अडलंय. मी उट्रेक्टला असतो, आणि अगदी हीच वरात घेऊन जाऊन आलोय. माझं ऐकाल तर दोन्ही सोडा आणि व्हॅलेन्सिया धरा.

मालागा वाईट नाही, थंडीत तर व्हॅलेन्सियापेक्षा किंचित उबदारच. पण तिथं गेलं की ग्रानाडाचा आल्हाम्ब्रा राजवाडा बघायचा मोह होतो आणि चारातला एक दिवस बसमध्ये जातो. बार्सिलोना चार दिवसांत धावत बघावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला धावायला लावू नये. व्हॅलेन्सियाचं जुनं शहर सपाट आहे. जानेवारीत दुपारी पंधरा-सोळा अंश असतं, ऊन पडलं की स्वेटरही काढावासा वाटतो. सूर्य मावळतो संध्याकाळी सहाच्या आसपास. मात्र उगवतो सव्वाआठनंतर, त्यामुळे आई-बाबा पाचला उठून खिडकीशी बसले तर त्यांना सांगून ठेवा की अजून तीन तास आहेत. समुद्रात उतरायचं मनातही आणू नका. माल्वारोसा किनाऱ्याच्या रुंद वाळूवर जाकीट घालून फिरायचं, बस्स. चित्रकार सोरोया याच गावचा, बैल मासेमारीची होडी पाण्याबाहेर ओढतायत ते त्याचं चित्र याच किनाऱ्यावरचं. बाबांना मोबाइलवर दाखवलं तर चित्र राहिलं बाजूला, बैलांच्या वशिंडावर चर्चा सुरू झाली.

दिवस निवडताना एकच गोष्ट सांभाळा: ६ जानेवारी उलटून गेलेला एक गुरुवार त्यात यायला हवा. बुधवारी पोचा, रविवारी परत या. विमानतळावरून मेट्रोच्या ३ आणि ५ नंबरच्या गाड्या थेट गावात येतात, टॅक्सीची गरज नाही. (५ तारखेच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक असते, राजे बंदरावर बोटीने उतरतात आणि पोरांवर गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पडतो. लहान मुलं असती तर मी तेच सुचवलं असतं. पण ६ला त्या सणाची सुट्टी, सगळं बंद.)

गुरुवार कशासाठी? दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दरवाजाबाहेर, भर चौकात, पाण्याचं न्यायालय भरतं. शहराभोवतीच्या मळ्यांना तुरिया नदीचं पाणी देणारे आठ कालवे आहेत, त्यांचे आठ निवडलेले शेतकरी काळे डगले घालून गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. वकील नाही, सगळं तोंडी, तेही व्हॅलेन्सियन भाषेत. बाराचे ठोके पडले की चोपदार एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारा करतो: 'देनुन्सियात्स दे क्वार्त!' म्हणजे क्वार्त कालव्यावर कुणाविरुद्ध तक्रार आहे का? कुणी पुढं येत नाही. मग पुढचा कालवा. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि पाच-सात मिनिटांत न्यायालय उठतं. २००९ साली युनेस्कोने याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आमचं गाव धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या फड पद्धतीच्या पाण्यावरचं. म्हणजे बंधारा, पाट, कुणाची पाळी कधी, हे सगळं गावानं ठरवायचं आणि पाटकऱ्यानं पाणी सोडायचं. बाबा कठड्याला टेकून उभे होते. चोपदाराच्या हातात पितळी आकड्याची काठी बघून मला कोपरानं ढोसून म्हणाले, "तो पाटकरी ना?" मी वाचून ठेवलेलं सांगितलं: आरोपी नदीच्या डाव्या काठच्या कालव्याचा असला तर निकाल उजव्या काठच्यांनी सुचवायचा, आणि उलट. बाबा गप्प झाले. न्यायालय उठलं, पर्यटक पांगले, तरी हे तिथंच. शेवटी म्हणाले, "आठही जण शेतकरी, आणि एकानेही आवाज चढवला नाही." तुमचे बाबा शेतीतले नसतील तरी हे दाखवाच, फुकट आहे आणि गुडघ्याला त्रास नाही. पावणेबाराला पोचलात तर पुढं जागा मिळते. शेजारच्या मिगेलेते मनोऱ्याला २०७ पायऱ्या आहेत, तिकडं एकट्यानं जा.

तिथून चालत मेर्कादो सेंत्राल, १९२८ साली उघडलेली मंडई. सोमवार ते शनिवार, दुपारी तीनपर्यंतच. समोरच ला लोंखा, रेशीम व्यापाऱ्यांची पंधराव्या शतकातली इमारत, पीळ दिलेल्या दोरखंडासारखे खांब. मंडईतून संत्री, टोमॅटो, वांगी घ्या. रस्त्याकडेच्या झाडांना लटकलेली संत्री मात्र घेऊ नका. आमच्या आईनं पडलेलं एक उचललं, "वाया कशाला जाऊ द्यायचं" म्हणून सोललं आणि फोड तोंडात टाकली. शोभेची कडू संत्री ती! मुरंब्याच्या कामाची. कॅथेड्रल येईपर्यंत ती थुंकत होती.

जेवणाचं नीट सांगतो, कारण भांडणं तिथंच होतात. पाएया हा इथला पसरट कढईतला प्रसिद्ध भात, पण तो म्हणजे व्हेज पुलाव नव्हे. इथल्या अस्सल पाएयात कोंबडी, ससा आणि काही ठिकाणी गोगलगायी असतात. 'पाएया दे वेर्दुरास' म्हणजे भाज्यांची मिळते, पण भात कशाच्या पाण्यात शिजवलाय ते विचाराच: 'सिन काल्दो दे कार्ने, सिन काल्दो दे पेस्कादो' म्हणजे मटण-मासळीच्या रश्शाशिवाय. हिरव्या सॅलडवरही न सांगता टूना मासा येतो, तेव्हा 'सिन आतून' म्हणजे टूनाशिवाय, हेही पाठ करा. ताजी पाएया निदान दोघांसाठी करतात आणि अर्धा-पाऊण तास घेतात, पाच मिनिटांत समोर आली तर ती गरम केलेली समजा. तळाला धरलेली खरपूस खरवड हाच तिचा मान. इथले लोक ती दुपारीच खातात. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी दीडच्या पुढं आणि रात्री साडेआठच्या पुढं चालू होतात. साडेसातला जेवून नवाला आडवे होणाऱ्या माणसांचं तिथं काय होणार? आम्ही दुपारी दोनला दाबून जेवायचो आणि रात्री मूगडाळीची खिचडी. तेवढ्यासाठी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. ओर्चाता जरूर प्या. चुफा नावाच्या कंदांचं ते गोड, गार दूध. चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच सख्खा भाऊ. जन्मभर ज्याच्या गाठी खणून बांधावर फेकल्या त्याचे पैसे देऊन पेला घ्यायचा, हे बाबांना अजून पटलेलं नाही.

शुक्रवार आल्बुफेरासाठी ठेवा. शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर गोड्या पाण्याचं सरोवर आहे, भोवती भातखाचरं. हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे सरोवर कुठं संपलं आणि शेत कुठं सुरू झालं कळत नाही. एल पाल्मार गावातून होड्या मिळतात. वाऱ्याला कानटोपी हवी.

शनिवारी तुरियाची बाग. १४ ऑक्टोबर १९५७ला नदीनं शहर बुडवलं, ८०हून अधिक माणसं गेली. मग नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली आणि जुन्या पात्रात नऊ किलोमीटरची बाग झाली. जुन्या पुलांखालून चालायचं, दर पाच मिनिटांवर बाकडं. सेरानोस वेशीपासून चालत गेलं की वास्तुरचनाकार कालात्रावाच्या पांढऱ्या इमारती येतात. आत तिकिटं महाग आहेत, मावळतीला बाहेरूनच बघा. २९ ऑक्टोबर २०२४च्या पुरात त्या नव्या पात्रानं जुनं शहर वाचवलं, पण पलीकडच्या पायपोर्तासारख्या गावांत हाहाकार झाला. प्रांतात २००हून जास्त माणसं मेली. टॅक्सीवाल्याशी बोलताना याचं भान ठेवा.

व्हिसाचं थोडक्यात: तुमच्याकडे जास्त दिवस राहणार असतील तर नेदरलँड्सचाच शेंगेन चालतो, स्पेनचा वेगळा लागत नाही. पासपोर्ट मात्र बरोबर ठेवा.

आणि फ्लॅट घेताना प्रत्येक खोलीत गरम हवेची सोय आहे का ते लिहून विचारा. आमच्या घरमालकानं 'हीटिंग आहे' म्हटलं होतं, ते निघालं दिवाणखान्यातलं एकुलतं एक एसी. बाहेर ऊन आणि आत माठात बसल्यासारखा गारठा. पहिल्या रात्री आईनं दोन शाली आणि माझं जाकीट पांघरलं. फरशी तर विचारू नका, घरात घालायच्या जाड चपला बॅगेत सगळ्यात वर ठेवा.