मराठी ख्रिस्ती मैत्रिणीकडे नाताळला जाताना काय न्यावं? तिथे काय काय असतं?

ऑफिसातल्या मैत्रिणीने नाताळला नगरला घरी बोलावलंय, तुम्ही शाकाहारी आहात, आणि खायला काय असेल, काय न्यावं, चर्चमध्ये सोबत गेलं तर चालेल का, हे तिलाच विचारायला संकोच वाटतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी नगरचीच, मराठी ख्रिस्ती घरातली. (आता अहिल्यानगर, पण घरात नगरच म्हणतो.) नक्की जा.

खाण्याची काळजी आधी सोडा. आमच्याकडे नाताळ म्हणजे पहिल्यांदा फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे. तुमच्या घरी दिवाळीत जे होतं तेच. केक असतो, पण तो बहुतेक बेकरीत साहित्य नेऊन भाजून आणलेला. घरात ज्याच्यावर खरा जीव टाकला जातो तो फराळ.

त्यातही अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत पंचावर पसरायचे. पुरते वाळू द्यायचे नाहीत, हाताला दमट लागतात तोवरच दळायचे. चाळलेल्या पिठात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे करून ठेवायचे. दिवाळीत हे पीठ चार-पाच दिवसांत मुरतं, नगरच्या डिसेंबरात त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून आई १२ तारखेच्या आसपासच तांदूळ भिजत घालते. तळायच्या दिवशी थंडीने गोळे दगडासारखे झालेले असतात. थेंब थेंब दूध घालत ती ते तळहाताने मळत बसते. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. छान जाळी पडली की आई तोंडाने काही म्हणत नाही, नुसतं ताट माझ्याकडे सरकवते.

फराळात अंडं कुठेच नसतं आणि तो सगळा मटण घरात यायच्या आधी, ताज्या तेलात तळून डब्यांत भरलेला असतो. याचं कारण शेजार. आमच्या गल्लीत जैन, मारवाडी, ब्राह्मण, मराठा सगळी घरं आहेत. दिवाळीत त्यांच्याकडून ताटं येतात, नाताळला आमच्याकडून जातात. त्यांनी निःशंकपणे खावं म्हणून आजीच्या काळापासून हा नियम आहे आणि आई तो काटेकोर पाळते.

वडील गेले त्या वर्षी आईने नाताळला कढईच चढवली नाही. घरात सुतक वगैरे आम्ही मानत नाही, पण तिचे हात उठेनात. २४ तारखेला दुपारी समोरच्या काकू दोन मोठे डबे घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी दिवाळीत कढई चढवायची नसते, फराळ दुसऱ्यांनी पोचवायचा असतो, ही त्यांच्याकडची रीत. आमचा सण नाताळ, म्हणून त्यांनी ती नाताळला पाळली. करंजीला मुरड घातलेली होती आणि चिवड्यात वडिलांना आवडायचं तसं जास्तीचं खोबरं. आई डबा मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिली. आमच्या सणाबद्दल कोणी काही विचारलं की मला तो डबा आठवतो.

२५ तारखेला सकाळी उपासना असते, तिला तुम्ही जरूर जा. प्रार्थनेच्या वेळी बऱ्याच बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. तुम्ही नाही घेतलीत तरी कोणी टोकणार नाही. प्रभुभोजन असेल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस दिला गेला, तर जागेवरच बसून राहा. ते बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आलेल्यांसाठी असतं, न घेण्यात अपमान नाही. गाणी मात्र कान देऊन ऐका. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे कितीतरी वर्षं नगरला राहिले. त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली, ती आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. तुम्ही वारकरी घरातल्या असाल तर तिथे परकं वाटणार नाही. बाहेर पडल्यावर लोक हात जोडून किंवा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणतील. ते आमचं नमस्कार म्हणणंच आहे.

दुपारी मटण. येसर लावलेला रस्सा, सुकं, बाजरीची भाकरी, पुलाव, शेवयांची खीर. तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात भरलं वांगं किंवा मटकी नक्की असेल, फक्त शाकाहारी आहात हे मैत्रिणीला दोन दिवस आधी कळवा. आयत्या वेळी सांगितलंत तर तिच्या आईला चुटपुट लागेल.

नेताना वाइन नेऊ नका. सिनेमात दाखवतात तसं आमच्याकडे नसतं, बऱ्याच घरांत दारू वर्ज्य आहे. संत्री न्या, पेरू न्या, नाहीतर तुमच्या आईच्या हातचं काहीही न्या. घरचं नेलंत तर सगळ्यांत जास्त आनंद होईल.

आणि जमलं तर २४ च्या संध्याकाळीच पोचा, स्वेटर घेऊन. रात्री उशिरा तरुण संघाची मुलं ढोलकी घेऊन दारोदार गात येतात, त्यांना चहा आणि फराळ द्यायचा असतो. त्याआधी घरातली सगळी एकत्र बसून लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचतात. आमच्याकडे तो वडील वाचायचे, आता भाची वाचते. गेल्या वर्षी, मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, इथे ती थांबली आणि बाळंतं म्हणजे काय, असं विचारलं. आईने उठून ट्रंक उघडली आणि जुन्या सुती लुगड्याचा मऊ चौकोनी तुकडा तिच्या हातात दिला. त्यात आधी मला गुंडाळलं होतं, मग माझ्या बहिणीला, मग हिला. पोरीने तो मांडीवर ठेवला आणि पुढचं वाचलं.

कधीकधी पाहुण्यालाही वाचायला सांगतात. तुम्हाला सांगितलं तर वाचा.