हाक आली, ओ कुणीच दिली नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. चिपळूणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. २०१३ साली घेतलेले २४ डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली. त्यांतल्या ९ मशीनमध्ये प्रयोगांची रीडिंग घेणारं जुनं पीसीआय कार्ड आहे. कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.२ वरून ६.५ वर गेला आणि या ९ मशीनवर रीडिंगचा प्रोग्रॅम उघडला की लगेच माऊस झटके देत चालतो, रीडिंग एकही येत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ‘आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड’ असं येतं, खाली हँडलर (हाक घेणारा) म्हणून फक्त यूएसबीचं नाव आणि शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’. दुरुस्तीवाले म्हणाले, मदरबोर्डवरचं यूएसबी गेलंय, बोर्ड बदला. मी ९ माऊस बदलले, फरक नाही. जानेवारीअखेर बारावीची प्रात्यक्षिकं आहेत. जुना कर्नल निवडून मशीन सुरू केलं तर सगळं नीट चालतं. दोन्ही कर्नलवरच्या इंटरप्ट्सच्या यादीचे फोटो जोडले आहेत.

उत्तर : सर, बोर्ड बदलू नका. जुन्या कर्नलवर तेच मशीन, तेच कार्ड, तोच माऊस नीट चालतो, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. एकाच वेळी ९ मशीनचं यूएसबी जात नाही, आणि कर्नल मागे घेतल्यावर गेलेलं यूएसबी परत येत नाही. जे काल चालत होतं ते कर्नल बदलल्यावर थांबलं, म्हणजे हे रिग्रेशन आहे. ते शोधून काढता येतं.

आधी तो संदेश काय म्हणतो ते पाहू. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि आयआरक्यू म्हणजे त्या हाकेच्या रेषेचा क्रमांक. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दारावर एकच घंटा असायची. वाजली की प्रत्येक जण डोकावून बघणार, ‘माझ्याकडे कोणी नाही’ म्हणून आत जाणार, ज्याचा पाहुणा तो ओ देणार. पीसीआयची इंटरप्ट रेषा अशीच सामाईक असते. कार्ड ती खाली ओढतं आणि त्याचं काम होईपर्यंत ओढूनच धरतं. कर्नल त्या रेषेवर नाव नोंदवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतो, तुझं आहे का? सगळे ‘नाही’ म्हणाले तरी रेषा खालीच असते, म्हणून कर्नल पुन्हा विचारतो, पुन्हा, लगोलग. एक लाखापैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाका अशा वाया गेल्या की कर्नल ती रेषाच बंद करतो, नाहीतर प्रोसेसर दुसरं काहीच करू शकणार नाही. ‘नोबडी केअर्ड’ म्हणजे एवढंच, की कुणी ओ दिली नाही. खाली ज्याचं नाव छापलंय तो गुन्हेगार नाही. दारात उभा राहून ‘माझं नाही’ असं खरं सांगणारा तो शेजारी आहे. तुमच्या बाबतीत यूएसबी.

आणि माऊस झटके का देतो? रेषा बंद केल्यावर कर्नल त्या बिऱ्हाडांना अगदी वाऱ्यावर सोडत नाही. दर १०० मिलिसेकंदांनी स्वतः जाऊन विचारतो, काही काम आहे का. म्हणजे सेकंदाला दहा वेळा. तुमच्या माऊसचा बाण आता सेकंदाला दहाच पावलं टाकतोय. माऊस बदलून फरक का पडला नाही ते यात आलं.

आता तुमचे फोटो. सर, उत्तर तुम्हीच पाठवलं आहे. ६.२ च्या फोटोत १६ क्रमांकाच्या ओळीत दोन नावं आहेत, यूएसबीचा ड्रायव्हर ईएचसीआय आणि तुमचं कार्ड. ६.५ च्या फोटोत १६ वर ईएचसीआय एकटाच आहे आणि आकडा लाखाच्या पुढे जाऊन थांबलाय. कार्ड कुठे गेलं? एक ओळ खाली पाहा, १७ वर. त्याच्यासमोर चारही प्रोसेसरखाली शून्य, शून्य, शून्य, शून्य. ड्रायव्हर १७ नंबरच्या दाराशी वाट बघत बसलाय आणि कार्ड १६ नंबरची घंटा वाजवतंय.

एकाच घराने चूक का व्हावी, यालाही कारण असू शकतं. इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांवर पीसीआयच्या चार मुख्य रेषा साधारण १६, १७, १८, १९ या क्रमांकांना जोडलेल्या असतात. तुमचा पीसीआय स्लॉट जर पूल-चिपच्या (मुख्य चिपसेटला पीसीआय स्लॉट जोडणाऱ्या चिपच्या) पलीकडे असेल (२०१३ च्या बऱ्याच बोर्डांवर तसं आहे), तर पुलापलीकडच्या रेषा स्लॉटच्या क्रमांकानुसार फिरवून जोडतात, सगळ्या कार्डांचा भार एकाच रेषेवर पडू नये म्हणून. ही फिरवाफिरव कर्नल दोन ठिकाणांहून शिकतो : बायोसने (बोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) दिलेल्या एसीपीआय या हार्डवेअरच्या माहितीच्या तक्त्यातून, किंवा तिथे नोंद नसेल तर ठरलेल्या सूत्रानं. या दोहोंत कुठेही एकाने फरक पडला की १६ चं १७ होतं. माझा संशय इथे आहे. पण संशयावर मी पैज लावत नाही, आणि का ते सांगते.

२००९ मध्ये भोसरीतल्या एका कंपनीत मी मोजमापाच्या कार्डांचे ड्रायव्हर लिहायचे. कर्नल बदलला आणि आमच्याच कार्डाच्या नावाने हा संदेश यायला लागला. नाव आमचं, म्हणून मी ११ दिवस माझ्याच ड्रायव्हरची ओळन् ओळ तपासत बसले. शेवटी गिट बायसेक्ट (दोषी बदल निम्म्या-निम्म्याने शोधणारं साधन) लावलं, तेव्हा सापडलेला बदल ड्रायव्हर कोणत्या क्रमाने सुरू होतात याविषयीचा होता. त्याच रेषेवरची नेटवर्कची चिप वीज मिळताच रेषा ओढून धरायची. पूर्वी तिचा ड्रायव्हर आधी उठायचा आणि तिला गप्प करायचा. नव्या क्रमात आमचा ड्रायव्हर आधी उठला, रेषा उघडली आणि दुसऱ्याची बोंब आमच्या दारात आली. माझ्या कोडमध्ये चूक नव्हतीच. ते ११ दिवस मला अजून आठवतात, म्हणून प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते की आधी बायसेक्ट करा.

परीक्षेचं आधी बघू. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५ आहे आणि त्याला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ६.२ ला त्या आता मिळत नाहीत. एका मशीनवर ५.१५ टाका, एक पूर्ण प्रात्यक्षिक करून बघा, नीट चाललं तर नऊही मशीन त्यावर आणा आणि ६.५ चा कर्नल व तो आणणारं पॅकेज काढून टाका. ५.१५ होल्डवर मात्र ठेवू नका, नाहीतर त्याच्या दुरुस्त्याच थांबतील. ‘आयआरक्यूफिक्सअप’ हा बूटच्या वेळचा पर्यायही आहे. कुणी ओ दिली नाही तर कर्नल इतर क्रमांकांवरच्या ड्रायव्हरांनाही विचारतो. तुमच्या बाबतीत तो बहुधा चालेल, आणि चालला तर १६-१७ चा संशय आणखी पक्का होईल. पण तो तपासापुरताच वापरा. मुलांच्या परीक्षेत असल्या आधारावर राहू नका.

मग एक मशीन बाजूला काढा, शक्यतो ज्याच्यावर तुमच्या हुशार विद्यार्थ्यांना बसवता येईल असं. उबुंटूचा कर्नल आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा मूळ कर्नल यांत फरक असतो, म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ ६.२ वर सगळं चालतं आणि मूळ ६.५ वर बिघडतं याची खात्री करणं. ती झाली की त्या दोहोंमध्ये साधारण ४० हजारांच्या वर बदल आहेत. घाबरू नका. बायसेक्ट दर वेळी मधला बदल काढून देतो, तुम्ही ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ एवढंच सांगायचं, उरलेले निम्मे होतात. १६ फेऱ्यांच्या आसपास एकच बदल हातात उरतो.

कर्नल बांधायला (मूळ कोडपासून तयार करायला) तुमच्या २०१३ च्या मशीनला प्रत्येक वेळी तासन् तास लागतील. कार्ड बसवलेलं आणि रीडिंगचा ड्रायव्हर चढलेला असताना ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा, म्हणजे सध्या वापरात असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) बांधली जातील. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, जे लागणार ते सगळं त्या क्षणी जोडलेलं हवं, नाहीतर तेही गळेल. घरी एखादा नवा संगणक असेल तर बांधायचं काम त्याच्यावर करा आणि तयार कर्नल इकडे आणा. एखाद्या फेरीत कर्नल बांधलाच गेला नाही किंवा सुरूच झाला नाही, तर अंदाजाने ‘वाईट’ म्हणू नका, ‘स्किप’ म्हणा.

सगळ्यात जास्त घात होतो तो खोट्या ‘चांगला’मुळे. एका फेरीत उत्तर चुकलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या अर्ध्यात होतात आणि शेवटी एखादा अगदीच असंबद्ध बदल समोर येतो. भोसरीत सहाव्या फेरीला माझं हेच झालं होतं. मी मशीन नुसतं रीस्टार्ट करत होते. रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज जात नाही, त्यामुळे मागच्या खेपेला गप्प केलेली चिप गप्पच राहायची. तुम्ही प्रत्येक फेरीला मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, दहा आकडे मोजा, मग सुरू करा.

आणि माऊस अडखळतोय का हे डोळ्यांनी ठरवू नका. प्रॉक या फोल्डरमध्ये आयआरक्यू, त्यात १६, त्यात ‘स्प्युरियस’ नावाची छोटी फाईल आहे. तीन ओळी असतात : एकूण मोजणी, ओ न मिळालेल्या हाका, आणि अशी शेवटची हाक कधी आली. प्रोग्रॅम उघडण्याआधी ती वाचा, उघडल्यावर पुन्हा वाचा. शिवाय कार्डाच्या ओळीचा क्रमांक १६ आहे की १७ तेही लिहून ठेवा. कागदावर तक्ता करा : फेरी, कमिट (कोडमधल्या एका बदलाची नोंद), कार्डाचा क्रमांक, दुसऱ्या ओळीचा आकडा, निकाल. हे एक प्रात्यक्षिकच आहे, सर, निरीक्षणं लिहायला तुम्ही मुलांना शिकवता तसंच. ‘गिट बायसेक्ट लॉग’ही जपून ठेवा. वीज गेली तर तिथूनच पुढे जाता येतं.

शेवटी जो कमिट निघेल तो ६.५ वरून उलटा फिरवून बघा. तो काढल्यावर कार्ड १६ वर परत आलं तर शंकेला जागा नाही.

प्रश्न : मी बंगळुरूत एम्बेडेड क्षेत्रात नवी आहे. आमच्या बोर्डवरचा तापमानाचा सेन्सर कर्नल बदलल्यापासून कधी तासाभराने, कधी दिवसाने मुका होतो. इंटरप्टचा आकडा वाढायचा थांबतो. संदेश काहीच नाही.

उत्तर : तुझा प्रश्न वरच्या सरांच्या बरोबर उलटा आहे. तिकडे हाका थांबत नाहीत, इकडे एक हाक हुकली की पुढची येतच नाही. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये बघ, त्याची रेषा वाचन होईपर्यंत खाली राहते का? राहत असेल तर इंटरप्ट ‘लेव्हल’चा हवा. नव्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) तो ‘एज’ झाला असेल, म्हणजे फक्त खाली पडण्याचा क्षण मोजला जात असेल, तर तो एक क्षण हुकला की संपलं. रेषा खालीच, पुन्हा पडायला ती वर जातच नाही. सेन्सर मुका झाला की मल्टिमीटर किंवा स्कोप लाव. रेषा सतत खाली दिसली तर निदान झालंच. मग जुना आणि नवा डिव्हाइस ट्री समोरासमोर ठेव, सेन्सरच्या इंटरप्टच्या ओळीतला शेवटचा आकडा बघ. ८ म्हणजे खालची लेव्हल, २ म्हणजे पडती एज. दर तासाला सेन्सर रीसेट करणारी स्क्रिप्ट मात्र लिहू नकोस, कितीही घाई असली तरी. ती एकदा बसली की खरा दोष कुणी शोधत नाही.

प्रश्न : दोष देणारा कमिट मला सापडला आहे, पण माझं इंग्रजी कच्चं आहे. एवढ्या मोठ्या लोकांना मेल कशी लिहू? हसतील का? (नांदेड)

उत्तर : नाही हसणार. ‘अमुक आवृत्तीत चालत होतं, तमुक आवृत्तीत बंद झालं, बायसेक्टने हा कमिट दिला, तो उलटवल्यावर पुन्हा चालतं.’ ही चार छोटी वाक्यं पुरतात, आणि फार थोड्या मेलमध्ये ती चारही असतात. वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम नव्या कर्नलने मोडायचं नाही, हा टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे. त्यामुळे कमिटसकट आलेल्या तक्रारीला वजन असतं. मेल साध्या मजकुरात हवी, एचटीएमएल परत येते. ज्याने कमिट लिहिला त्याला आणि त्या भागाच्या मेंटेनरला (तो भाग सांभाळणाऱ्याला) पाठवा, रिग्रेशनसाठी वेगळा पत्ता आहे त्याला प्रत द्या. दोन्ही कर्नलचं डीमेसेज, इंटरप्ट्सची यादी आणि ‘एलएसपीसीआय’ (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) हिचं सविस्तर उत्तर जोडा. ते एखादा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवून ‘हा लावून बघा’ म्हणतील. तो त्याच आठवड्यात लावून बघा आणि उत्तर द्या. अशा किती तक्रारी तक्रारदारच गप्प झाल्यामुळे तशाच पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

चिपळूणचे सर, तुमचा तक्ता भरला की त्याचाही फोटो पाठवा.