तळमजल्यावर कॉलम फोडला, चिरा माझ्या घरात: काय करता येईल?

प्रश्न : आमची चार मजली सोसायटी 24 वर्षांची आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या बरोबर खालच्या सदनिकेच्या मालकांनी दोन खोल्या एक करायला मधली भिंत पाडली आणि एका कॉलमची कड फोडून तो अरुंद केला. तेव्हापासून माझ्या दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्या आहेत. ते म्हणतात, "माझ्या घराच्या आतलं काम आहे, कमिटीचं पत्र आहे." आता भिंत पुन्हा बांधून देतो म्हणतात. मान्य करू का?

उत्तर : लगेच मान्य करू नका.

"आतलं काम" हा बचाव अगदीच पोकळ नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 च्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या तरतुदीत, फक्त इमारतीच्या अंतर्भागापुरत्या फेरबदलाला परवानगीतून सूट आहे. त्यांचे वकील पहिल्याच तारखेला ते वाचून दाखवतील. पण स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर उतरतो. तळमजल्याचा कॉलम वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन वाहतो. तो कापल्याचा परिणाम तुमच्या दारांवर दिसत असेल, तर काम त्यांच्या खोलीपुरतं राहिलंच कुठे? कमिटीच्या पत्राचीही तीच गत. फरशी-रंगासाठी दिलेलं पत्र कॉलम फोडण्याची मुभा होत नाही, आणि तशी मुभा देणं कमिटीच्या हातातही नाही.

भिंतीबद्दल मात्र जपून. आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्यातली अर्ध्या विटेची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. लोडबेअरिंग बांधकामात तीच भिंत इमारत पेलते. तुमची इमारत कोणत्या प्रकारची, हे मंजूर नकाशे आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून ठरेल. सोसायटीकडे नसतील तर माहिती अधिकारात महापालिकेकडे मागा. सांगाडा आरसीसीचा निघाला तर दाव्यात भर कॉलमवर ठेवा. निरुपद्रवी भिंतीवरून आरडाओरडा केला की समोरचा तज्ज्ञ तेवढंच खोडून काढतो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्याही वकिलाकडे जाण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा. त्यांच्याकडून लेखी हवं : कॉलमचा छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) किती घटला, सळया उघड्या पडल्या वा कापल्या का, टेकू आजच लावावे लागतील का. "इमारत ठीक दिसते" असा मोघम दाखला कोर्टात टिकत नाही. चिरांचे तारखेसह फोटो काढा. चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली, तर हालचाल अजून चालू आहे असं समजा.

अहवालात धोका नोंदला असेल तर महापालिकेकडे अर्ज द्या. अनधिकृत काम थांबवण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम 54 मध्ये आहे. इमारतीची दुरुस्ती वा पाडकाम निष्काळजीपणे करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे, म्हणून पोलिसांतही लेखी तक्रार द्या. शिक्षा किरकोळ आहे, पण तक्रार तारखेसह नोंदली जाते. 2017 च्या जुलैत घाटकोपरची इमारत कोसळून 17 माणसं गेली. तिथेही आरोप तळमजल्यावरच्या नूतनीकरणाचाच होता.

कोर्ट कोणतं? उपविधींचा, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीचा, भंग हा गाभा धरला तर सोसायटीलाही पक्षकार करून सहकार न्यायालयात, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली. तातडीचा आदेश त्याच अधिनियमाच्या कलम 95 खाली मागता येतो. दिवाणी न्यायालयात गेलात तर अधिकारक्षेत्राच्या हरकतीतच महिने जातील, ही भीती मला जास्त वाटते. कुठेही गेलात तरी कोर्ट कमिशनर (जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारी व्यक्ती) नेमण्याचा अर्ज सुरुवातीलाच करा, नाहीतर प्लॅस्टर चढवून सगळं झाकलं जाईल.

आता त्यांच्या देकाराबद्दल. कॉलमवरचा भार एकदा दुसरीकडे सरकला की नुसत्या विटा रचल्याने तो परत येत नाही. आधी टेकू आणि जॅक लावून भार उतरवावा लागतो, मग कॉलम मजबूत करावा लागतो. म्हणून सहमतीपत्रात इंजिनिअरचं डिझाइन, त्यांच्याच देखरेखीखाली काम, शेवटी स्थैर्याचं प्रमाणपत्र, तुमच्या चिरांची दुरुस्ती आणि हा सगळा खर्च त्यांचा, एवढं लिहून घ्या. "भिंत होती तशी बांधून देऊ" एवढ्या ओळीवर सही करू नका.