खळ्यातल्या बुलेटबद्दल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आजोबांची कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट इतकी वर्षं खळ्यात पत्र्याखाली उभी राहूनही भंगारात गेली नाही, याचा मनापासून आनंद झाला. पण सगळी गाडी खोलून चेसिस रंगवायला जळगावला नेणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तसं करू नकोस. आपल्याकडे पोत्यांत आणि खोक्यांत पडून असलेल्या किती बुलेट मी पाहिल्यात! इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधीच त्या खोलल्या गेल्या. मग मुळात काय बिघडलं होतं हेच कळत नाही, आणि दिवाळीपर्यंत उत्साह संपतो. आधी आहे त्या रंगात, आहे त्या गंजासकट ती चालू कर.

घरातल्या मोठ्यांना विचार, गाडी उभी का राहिली? धूर काढत होती, गिअर सुटत होता, की नुसते कागद संपले होते? अर्धं निदान तिथेच होतं.

किक जाम आहे म्हणतोस. तिच्यावर उभा राहून जोर लावू नकोस. प्लग काढून भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल ओत, आठवडाभर मुरू दे. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे कर. नाहीच सुटलं तर हेड आणि सिलिंडर उतरवायचं. घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे. फक्त पाने इंची घे. या जुन्या गाडीचे बरेचसे नट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना लावलास की कोपरे गोल झालेच म्हणून समज. ३५० सीसीच्या बुलेटचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास, ७० मिमीचं आहे. लेथवाल्याला वर, मध्ये आणि खाली, उभं-आडवं दोन्हीकडून माप घ्यायला सांग. आणि बोअर मारायचं, म्हणजे ते भोक घासून मोठं करायचं, तर आधी पिस्टन हातात हवा. त्याच्या मापानं बोअर मारतात, उलट नाही.

आता तेलाचं नीट वाच, कारण इथेच चांगली इंजिनं मरतात. बुलेटचं ऑइल क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच अंगात, पण वेगळ्या टाकीत असतं. गाडी खूप दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत खाली क्रँकमध्ये उतरतं. वरून पाहिलं तर टाकी रिकामी, म्हणून माणूस आणखी ओततो. तू दोन्हीकडचे ड्रेन बोल्ट काढ, जुनं काळं तेल पूर्ण निथळू दे, फेल्टचा फिल्टर बदल. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला या इंजिनात फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी असते. तिला कोरडं पडणं अजिबात सोसत नाही. इंजिन सुरू झालं की लगेच रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून बघ. तेल दिसलं नाही तर त्याच क्षणी बंद कर आणि पंप उघड.

प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेव, फिलर गेजची मापाची पट्टी लावून, अंदाजानं नको. वायरिंग कडक झालं असेल, ते जोड देत बसण्यापेक्षा सगळं नवीन घाल. पेट्रोलच्या नळ्याही बदल, आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. टाकीला भोक असलं तर घरी वेल्डिंग करू नकोस. रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट करते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पूस. टायरवर नक्षी दिसत असली तरी दोन्ही टायर नवीनच.

कागदांचं मात्र पहिल्या आठवड्यातच बघ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळलेच पाहिजेत. ते जुळेपर्यंत सुट्या भागांवर रुपया घालू नकोस.

नवं बोअर एप्रिल-मेमध्ये रन-इन करू नकोस, म्हणजे सुरुवातीचं हळूहळू चालवून मुरवणं तेव्हा नको. भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो आणि हे इंजिन फक्त वाऱ्यानं गार होतं. हिवाळ्यात सकाळी पाचोऱ्यापर्यंत जा, थांब, गार होऊ दे, परत ये. मग चाळीसगाव. कन्नड घाट त्यानंतर, आणि तो उतरताना नुसत्या ब्रेकवर राहू नकोस, ड्रम तापले की पकड जाते. खालच्या गिअरमध्ये उतर. तोरणमाळला जायचं तुझं मनात आहे, ते मला फार आवडलं. ही गाडी त्यासाठीच आहे.

रंगाचं नंतर बोलू. आधी चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर उतरवून त्याचा फोटो पाठव, आणि लेथवाल्याची मापंही. ती बघून कोणत्या साईजचा पिस्टन ते सांगतो, तोवर घेऊ नकोस.

तुझा,
काका