जेवणानंतरची कॉफी आणि लोह

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी असल्याने लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. कॉफी सोडावीच लागेल का? कॅफीन काढलेली चालेल?

उत्तर : सोडू नका, वेळ बदला. पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी यांतलं लोह कॉफीतल्या पॉलिफेनॉलना (वनस्पतींत असणारी एक प्रकारची द्रव्यं) चिकटतं आणि आतड्यात नीट शोषलं जात नाही. दोष कॅफीनचा नाही, त्यामुळे कॅफीन काढलेली कॉफीही तेच करते. कॉफीत दूध घातल्यानेही सुटका होत नाही. दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. जेवणाच्या तासभर आधी घेतलेली कॉफी सहसा त्रासाची नाही. जेवणानंतर मात्र तासाभराने घेतलेलीही लोह अडवते, म्हणून 2 तास जाऊ द्या. गोळी कॉफीबरोबर कधीच नको, पाण्याबरोबरच घ्या. आणि उसळीवर लिंबू जरूर पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.