तांबड्या पेशी साध्या पाण्यात फुटतात, मग सलाईनमध्ये का नाही फुटत?

तुम्ही म्हणताय, परासरणाचा (पडद्यातून पाण्याच्या ये-जा करण्याचा) धडा पाठ आहे पण डोळ्यांसमोर काही येत नाही. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तेव्हा ट्यूबमध्ये जे दिसतं तेच सांगते.

तीन ट्यूब घ्या: डिस्टिल्ड वॉटर, ०.९ टक्के मिठाचं पाणी (लिटरला ९ ग्रॅम, हेच नॉर्मल सलाईन) आणि ३ टक्के. प्रत्येकीत रक्ताचा एकेक थेंब. पहिली बघता बघता लाल पण नितळ होते. मागं छापील कागद धरला तर वाचता येतो. पेशी फुटून आतलं लाल रंगाचं हिमोग्लोबिन पाण्यात उतरलं, उजेड अडवायला काही उरलंच नाही. बाकीच्या दोन्ही गढूळच राहतात. त्यांच्यातला फरक मायक्रोस्कोपखाली कळतो: सलाईनमधल्या पेशी नेहमीसारख्या मध्ये खोलगट, ३ टक्केवाल्या आक्रसून काटेरी.

पेशीच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तसं करत नाही. त्यामुळं विरघळलेले कण जिकडं जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. साध्या पाण्यात ते पेशीत शिरतं, ३ टक्क्यांत बाहेर पडतं, आणि सलाईनमध्ये आत-बाहेर कण सारखेच, म्हणून पेशी फुटत नाही. तासगावचा बेदाणा भिजवला की टम्म फुगतो, पण त्याला साल तरी असते. इथं नुसता पातळ पडदा.

तरी पेशी लगेच हार मानत नाही. खोलगट असल्यामुळं तिला फुगायला जागा असते. आधी ती चेंडूसारखी गोल होते, मग फुटते. म्हणून निरोगी रक्तात फुटायला सुरुवात होते ती मिठाचं प्रमाण साधारण ०.५ टक्क्यांच्या आसपास आलं की, आणि ०.३ पर्यंत जवळपास सगळ्या संपतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) पेशी लहान नि चपट्या, त्यांना फुगायला जागा आणखी जास्त. त्यावरच एक स्वस्तातली टेस्ट आहे. ०.३६ टक्क्यांच्या सलाईनमध्ये थोडं रक्त घालायचं, थोडा वेळ थांबून ट्यूबमागं काळी रेघ धरायची. रेघ स्वच्छ दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे ठीक. नाही दिसली तर पुढची तपासणी. (लोह कमी असलं तरी रेघ दिसत नाही, म्हणून एवढ्यावर निदान करत नाहीत.)

आता धड्यात सहसा नसलेली गंमत. सलाईनइतकेच कण असलेलं युरियाचं द्रावण घ्या. हिशेबानं पेशी टिकायला हव्यात, पण फुटतात! युरिया स्वतःच पडद्यातून आत शिरतो आणि त्याच्यामागोमाग पाणी. तेव्हा बाहेर कण किती आहेत यापेक्षा त्यातले किती बाहेरच अडकून राहतात, ते बघा.